दुसरी किल्ली

गेल्या महिन्यात अभिषेक आटोपून मंडळी मंदिराबाहेर पडत असताना एका साधर्मिक बंधूंनी मला थांबविले. जय जिनेन्द्र झाला आणि ते म्हणाले, "साहेब, दिवाळीनंतर मी एकटाच मुलाकडे लंडनला निघालो आहे. रोख किती न्यावी, कार्ड कोणते घ्यावे, तुम्ही बँकेतले, तेवढे सांगून ठेवा." मी तिथल्या तिथे, पायांत चपला सरकवता सरकवता, सात-आठ सूचना दिल्या. त्यांनी त्या मोबाईलमध्ये टिपून घेतल्या आणि "अनुभवी माणसाचा सल्ला वेगळाच," असे म्हणून ते निघून गेले.

घरी येईपर्यंत मनाला टोचणी लागून राहिली. सूचना खऱ्या होत्या, उपयोगाच्या होत्या. परंतु मी त्या कशा शिकलो हे त्यांना सांगितले नव्हते. त्यांतील एकही सूचना मला छत्तीस वर्षांच्या बँकसेवेने शिकविलेली नव्हती. त्या सर्व मी जून २०२३ मध्ये लंडनमध्ये चार दिवस एकटा असताना, फजिती होऊन शिकलो होतो. पर्व जवळ आले आहे. मार्दव आणि आर्जव या दोन धर्मांवर आपण दरवर्षी प्रवचने ऐकतो. म्हणून या महिन्याच्या सदरात गुंतवणूक, ठेवी, करबचत हे नेहमीचे विषय बाजूला ठेवून माझीच आलोचना वाचकांपुढे ठेवीत आहे.

आमची लेक लेस्टरला असते. २०१४ साली ती तेथे शिकत असताना आम्ही उभयता तिच्याकडे जाऊन आलो होतो. या खेपेस सौभाग्यवतींच्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेला थोडेच महिने झाले असल्याने त्यांना विमानप्रवास मानवणारा नव्हता. मला एकट्यालाच जावे लागणार होते. लेक म्हणाली, "अण्णा, मी हीथ्रोला येते, तेथून सरळ घरी येऊ." मी म्हटले, "नको. मला चार दिवस लंडन निवांत पाहायचे आहे. मग मी माझा रेल्वेने येईन." तिने दोन गोष्टी बजावल्या: डेबिट कार्डाचा परदेशातील वापर सुरू करून घ्या आणि भारतातील मोबाईल क्रमांकावर रोमिंग घ्या. मी तिला उत्तर दिले ते आजही शब्दशः आठवते. "अगं, मी परकीय चलन विभागात सहा वर्षे काढली आहेत. मला पैशाचे काय शिकवतेस?"

त्या दोन्ही गोष्टी मी वहीत लिहून घेतल्या आणि दोन्ही केल्या नाहीत.

निघण्याच्या आदल्या दिवशी सौभाग्यवतींनी कपाटातून एक जुने पाकीट काढून दिले. त्यात वीस पौंडांच्या बारा नोटा होत्या. एकूण २४० पौंड. २०१४ च्या प्रवासात त्यांनी बरोबर नेलेल्या दशम्या, खाकरे, मेतकूट आणि भडंगावर आम्ही बरेच दिवस काढले होते. कंदमूळ वर्ज्य आणि भोजन सूर्यास्तापूर्वी, त्यामुळे बाहेर खाण्याचा प्रश्न फारसा आलाच नाही. त्या काटकसरीतून उरलेले हे पौंड "पुढच्या खेपेला लेकीकडे जाताना" म्हणून त्यांनी नऊ वर्षे जपले होते. प्रवासातून उरलेले परकीय चलन २,००० डॉलरच्या मूल्यापर्यंत जवळ ठेवता येते, म्हणून कायद्याच्या दृष्टीने काही वावगे नव्हते. मी नोटा मोजल्या. प्रत्येक नोटेच्या मागे अ‍ॅडम स्मिथची प्रतिमा आणि टाचण्यांच्या कारखान्यातील श्रमविभागणीचे चित्र होते. एम.कॉम.च्या वर्गात ज्याचे नाव पहिल्या तासाला ऐकले, तो अर्थशास्त्राचा आद्य आचार्य आता आपल्या खिशातून प्रवास करणार याचे मला कौतुक वाटले. घरात २४० पौंड आहेत म्हणून मी नवीन रोख घेतलीच नाही. प्रीपेड फॉरेक्स कार्डात ७०० पौंड भरले, डेबिट कार्ड पाकिटात ठेवले आणि निघालो.

मंगळवारी दुपारी लंडनला उतरलो. भुयारी रेल्वेने किंग्ज क्रॉसला पोहोचलो आणि जवळच ठरविलेल्या हॉटेलात गेलो. चार रात्रींचे ४८० पौंड आगाऊ द्यायचे होते. कार्ड यंत्रात घालताच पडद्यावर प्रश्न आला: रक्कम पौंडांत द्यायची की रुपयांत? रुपयांचा आकडा समोर होता, सुमारे ५१,९००. आपल्या चलनातील आकडा आपल्याला कळतो, पुढे भावात फेरफार होण्याची भीती नाही, असा विचार करून मी तत्काळ रुपयांचे बटण दाबले. खोलीत जाऊन सायंकाळी कार्डाचा हिशेब पाहिला तेव्हा ४८० ऐवजी जवळजवळ ५२२ पौंड कमी झालेले दिसले.

घडले होते ते असे. त्या दिवसांत पौंडाचा भाव सुमारे १०३ रुपये होता. म्हणजे ४८० पौंडांचे ४९,४४० रुपये व्हायला हवे होते. यंत्राने स्वतःचा भाव लावून त्यात पाच टक्के अधिक घेतले. माझ्या कार्डात तर मुळात पौंडच होते. त्यामुळे आधी पौंडांचे रुपये झाले आणि ते रुपये फेडण्यासाठी कार्डाने पुन्हा पौंड मोडले. या दुसऱ्या अदलाबदलीवर कार्डाने साडेतीन टक्के आकार लावला तो वेगळाच. एका बटणाने ४२ पौंड, म्हणजे सव्वाचार हजारांहून अधिक रुपये गेले. परकीय चलन विभागात असताना अशी दुहेरी अदलाबदल दाखविणारे व्हाउचर एखाद्या कनिष्ठ सहकाऱ्याने पुढे केले असते, तर मी ते त्याच्या अंगावर परत टाकले असते.

याशिवाय हॉटेलने अनामत म्हणून १०० पौंड कार्डावर अडकवून ठेवले होते. ते खर्च झाले नव्हते, पण वापरताही येत नव्हते. सातशेपैकी माझ्या हाती जेमतेम ७८ पौंड उरले. तरी मला चिंता वाटली नाही. पाकिटात अ‍ॅडम स्मिथ होते आणि डेबिट कार्ड होते.

बुधवारी सकाळी ब्रिटिश म्युझियमला जाण्यासाठी बसमध्ये चढलो. वीस पौंडांची नोट चालकापुढे धरली. त्याने नोटेकडे पाहिलेही नाही. यंत्राकडे बोट दाखविले. लंडनच्या बसमध्ये जुलै २०१४ पासून रोख रक्कम घेतच नाहीत. मागे रांग होती. मी फॉरेक्स कार्ड टेकविले आणि जागेवर जाऊन बसलो. त्या क्षणी ती नोट त्याने पाहिली असती, तर मला एक दिवस आधी जाग आली असती. जून महिन्यात तेथे सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. आपल्या नियमात बसवूनही फिरायला भरपूर वेळ मिळतो, या आनंदात तो दिवस गेला.

गुरुवारी दुपारी तीनच्या सुमारास मी सेंट पँक्रास स्थानकावर शनिवारचे लेस्टरचे तिकीट काढण्यास गेलो. तिकीट आधी काढले असते तर स्वस्त पडले असते, हेही लेकीने सांगितले होतेच. खिडकीवर मध्यमवयीन बाई होत्या. त्यांनी रक्कम सांगितली. कार्डातील शिल्लक तेवढी नव्हती. मी डेबिट कार्ड दिले. यंत्राने ते नाकारले. पुन्हा लावले, पुन्हा नाकारले. १ ऑक्टोबर २०२० पासून आपल्याकडे नव्याने दिलेली कार्डे रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार केवळ देशांतर्गत वापरासाठी चालू असतात. परदेशातील वापर खातेदाराने स्वतः सुरू करावा लागतो. हा नियम मला ठाऊक होता. निवृत्तीपूर्वी मी ग्राहकांना तो समजावून सांगत असे. मी बाजूला झालो आणि स्थानकाच्या वायफायवर बँकेचे अ‍ॅप उघडले. अ‍ॅपने सहा अंकी संकेतांक मागितला. संकेतांक भारतातील मोबाईल क्रमांकावर येणार, आणि त्या क्रमांकावर रोमिंग नव्हते.

पुन्हा खिडकीपाशी गेलो आणि पाकिटातून चार नोटा काढून पुढे केल्या. बाईंनी एक नोट उचलून दोन्ही बाजूंनी पाहिली आणि अतिशय सौम्यपणे सांगितले की ही कागदी नोट आता चालत नाही. ३० सप्टेंबर २०२२ नंतर ती चलनातून गेली.

मी जे बोललो ते माझ्या तोंडून कसे निघाले, मला कळले नाही. इंग्रजीत मी म्हणालो, "पण बाई, नोट तर तीच आहे. अ‍ॅडम स्मिथही तेच आहेत."

आणि तेथेच, त्या खिडकीसमोर, माझे पाय जड झाले. कारण हे वाक्य मी पूर्वी ऐकले होते, काउंटरच्या पलीकडून.

जानेवारी २०१७ चा पहिला आठवडा. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या होत्या आणि बँकेत भरण्याची मुदत ३० डिसेंबरला संपली होती. ते पन्नास दिवस आम्ही सर्वांनीच रात्री दहा-दहा वाजेपर्यंत काम करून काढले होते. शरीर थकले होते आणि जीभ त्याहून अधिक. अशा एका सकाळी साधारण सत्तरीची एक बाई काउंटरशी आली. लुगड्याच्या पदराची गाठ सोडून तिने पाचशेच्या अकरा नोटा पुढे ठेवल्या. मुलगा-सुनेला न कळू देता तिने त्या धान्याच्या कणगीत लपविल्या होत्या. रोखपालाने तिला माझ्याकडे पाठविले. मी मान वर न करता म्हणालो, "आजी, पन्नास दिवस काय झोपला होता का? सगळ्या जगाला कळलं, तुम्हालाच कसं नाही कळलं?"

ती गोंधळली. म्हणाली, "सायेब, नोट तर तीच हाय की. गांधीबाबा बी तेच हायेत."

माझ्या शेजारचे दोघे हसले. मीही हसलो. तिने नोटा पुन्हा पदरात बांधल्या आणि ती निघून गेली. नियमाप्रमाणे मला काहीच करता येण्याजोगे नव्हते, हे खरे आहे. परंतु तिला खुर्ची देऊन, पाणी देऊन, दोन वाक्यांत समजावून सांगणे कोणत्याही परिपत्रकाने मला नाकारले नव्हते.

सेंट पँक्रासच्या खिडकीतील बाई हसल्या नाहीत. "रांग सोडा," असेही त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी एका कागदावर पत्ता लिहून दिला: बँक ऑफ इंग्लंड, थ्रेडनीडल स्ट्रीट. मग सांगितले की जुन्या नोटा तेथे कधीही बदलून मिळतात, त्याला मुदत नाही. पासपोर्ट मात्र बरोबर न्या. तिकीट उद्या घेतलेत तरी गाडी मिळेल.

मी एका बाकावर जाऊन बसलो. भारतात सायंकाळचे साडेसात वाजले होते. बँक बंद झाली होती, कार्डात पैसे भरून घेण्याचा मार्ग त्या दिवसापुरता मिटला होता. खरे म्हणजे घाबरण्याचे कारण नव्हते. खोलीचे पैसे दिलेले होते, कार्डात चाळीसेक पौंड होते, लेक सव्वा तासाच्या अंतरावर होती आणि वायफायवरून एक फोन पुरेसा होता. पण तो फोन मी केला नाही. "मला पैशाचे काय शिकवतेस?" हे वाक्य घशात अडकले होते. तेवढ्यात तिचाच संदेश आला, "अण्णा, सगळे ठीक ना? तिकीट काढले?" मी उत्तर लिहिले, "सर्व उत्तम. उद्या काढतो." सौभाग्यवतींना लिहिले, "पाकिटातील पौंड फार उपयोगी पडले."

आयुष्यभर ज्याने दुसऱ्यांच्या नोंदी तपासल्या, त्याने एका मिनिटात दोन खोट्या नोंदी केल्या. मान कषायाचा हात धरून माया कषाय कसा येतो, हे प्रवचनात अनेकदा ऐकले होते. त्या रात्री खोलीवर खाकरा खाताना ते मी स्वतःच्या ठायी पाहिले. झोप लागली नाही. पैशापेक्षा, त्या बाईचा पदर डोळ्यांपुढून हलेना.

शुक्रवारी सकाळी भाडे वाचविण्यासाठी तीन-साडेतीन किलोमीटर चालत मी बँक ऑफ इंग्लंडला गेलो. १६९४ साली स्थापन झालेली ही संस्था. तिला लोक थ्रेडनीडल स्ट्रीटवरील वृद्धा म्हणतात. या नावामागे जेम्स गिलरे याचे १७९७ चे व्यंगचित्र आहे: नोटांचा पोशाख केलेली एक म्हातारी पैशाच्या पेटीवर बसली आहे आणि पंतप्रधान पिट त्या पैशासाठी तिचे प्रियाराधन करीत आहेत. परीक्षेसाठी कधीतरी वाचलेली ही गोष्ट त्या इमारतीसमोर मला निराळी वाटली. आपल्या पैशाच्या पेटीवर राखण करीत बसलेली एक म्हातारी मलाही ठाऊक होती.

आत पासपोर्ट पाहिला गेला, अर्ज भरून घेतला गेला, नोटा तपासल्या गेल्या. काउंटरवरील तरुणाने बारा नव्या प्लास्टिकच्या नोटा मोजून दिल्या. आता मागे चित्रकार टर्नर होते. "नऊ वर्षे जपून ठेवल्यात, चांगल्या स्थितीत आहेत," एवढेच तो कौतुकाने म्हणाला. नोटेवर धारकाला रक्कम देण्याचे वचन छापलेले असते. आपल्याही नोटेवर असते. प्रत्येक देशाची परिस्थिती वेगळी, कायदा वेगळा. त्या वादात मी शिरत नाही. आपल्याकडे २०१७ च्या कायद्याने जुन्या नोटांची देयता संपुष्टात आली आणि मी त्या कायद्याने बांधलेला होतो. मला सांगायचे आहे ते एवढेच की, काउंटरच्या अलीकडे उभे राहिल्यावर पलीकडील माणसाचा स्वर हेच आपल्याला मिळणारे अर्धे चलन असते.

शनिवारी लेस्टरला पोहोचलो. दुसऱ्या दिवशी लेक मला ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील जैन सेंटरमध्ये दर्शनाला घेऊन गेली. एका जुन्या चर्चच्या वास्तूत उभे राहिलेले आणि १९८८ साली प्रतिष्ठा झालेले हे मंदिर पुष्कळ वाचकांना छायाचित्रांतून परिचित असेल. दिगंबर, श्वेतांबर, स्थानकवासी अशा सर्वांना एकाच छताखाली तेथे स्थान आहे. दर्शन घेऊन आम्ही पायऱ्यांपाशी आलो आणि मी तिला सगळे सांगितले: बटण, कार्ड, नोटा, खोटा संदेश आणि ती पाचशेच्या अकरा नोटांची बाईदेखील. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अण्णा, पैसे चुकले त्याचे मला काही नाही. तुम्ही रात्रभर एकटे जागे राहिलात आणि मला फोन केला नाही, याचे वाईट वाटते. मी इथे नवीन असताना पाकीट हरवले होते, तेव्हा मी तुम्हाला लपवले असते तर तुम्ही काय म्हणाला असता?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. सौभाग्यवतींना रात्री फोनवर सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "नोटा जुन्या झाल्या हे मला कसे कळणार? पण तुम्हाला तर कळायला हवे होते हो." त्या हसत होत्या, पण वाक्य खरे होते.

बँकेची तिजोरी कधीही एका माणसाच्या हाती नसते. तिला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन वेगळ्या अधिकाऱ्यांकडे असतात; एकट्याने ती उघडताच येत नाही. नोंद करणारा एक आणि तपासणारा दुसरा, हाही तोच नियम. त्यामागे कोणावर अविश्वास नसतो. माणूस चुकतो एवढेच त्यात गृहीत धरलेले असते. परदेशात एकट्याने फिरताना ही दुसरी किल्ली आपल्यापाशी नसते. यंत्रापुढे आपण एकटे उभे असतो, मागे रांग असते, भाषा परकी असते आणि घाई असते. अशा वेळी घरच्या माणसाला केलेला एक फोन हीच दुसरी किल्ली. तीच मी हीथ्रोला उतरण्यापूर्वी फेकून दिली होती. आणि त्या बाईजवळ तर ती कधी नव्हतीच. घरात सांगण्याची सोय नव्हती, म्हणून ती माझ्याकडे आली होती.

आता त्या साधर्मिक बंधूंसाठी आणि अशा प्रवासास निघालेल्या सर्वांसाठी सूचना क्रमाने देतो.

१. पैसे तीन रूपांत आणि तीन ठिकाणी ठेवा: थोडी रोख, एक फॉरेक्स कार्ड, एक वेगळ्या खात्याचे कार्ड. सर्व एकाच पाकिटात नको.

२. निघण्यापूर्वी कार्डाचा परदेशातील वापर स्वतः सुरू करा, मर्यादा ठरवून ठेवा आणि संकेतांक येण्यासाठी भारतातील क्रमांकावर रोमिंग घ्या. वहीत लिहिणे म्हणजे करणे नव्हे.

३. यंत्राने विचारले की रुपये की स्थानिक चलन, तर नेहमी स्थानिक चलन निवडा. दुकानात, हॉटेलात, एटीएमवर, सर्वत्र हाच नियम.

४. हॉटेल कार्डावर अनामत अडकवते. ती खोली सोडल्यावरही मोकळी होण्यास काही दिवस लागतात. तेवढी रक्कम हिशेबातून वजा धरूनच कार्ड भरा.

५. घरात जुने परकीय चलन असल्यास निघण्यापूर्वी त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या संकेतस्थळावर त्याची वैधता पाहा. ब्रिटनमध्ये पाच पौंडांची कागदी नोट मे २०१७ मध्ये, दहाची मार्च २०१८ मध्ये, वीस आणि पन्नासची सप्टेंबर २०२२ अखेर चलनातून गेली. अमेरिकेच्या जुन्या डॉलर नोटा मात्र रद्द होत नाहीत.

६. परत आल्यावर उरलेले परकीय चलन १८० दिवसांत बँकेत द्या. २,००० डॉलरच्या मूल्यापर्यंत जवळ ठेवता येते. पण नऊ वर्षे ठेवण्यात शहाणपण नाही.

७. लंडनमध्ये बससाठी कार्ड हवेच. भुयारी रेल्वेत आत जाताना जे कार्ड टेकविले तेच बाहेर पडताना टेकवा. अन्यथा कमाल भाडे कापले जाते.

८. कार्ड बंद करण्याचा बँकेचा क्रमांक आणि घरच्या दोन माणसांचे क्रमांक कागदावर लिहून वेगळ्या खिशात ठेवा. आणि काहीही बिघडले तर त्याच दिवशी फोन करा, दुसऱ्या दिवशी नाही.

पहिल्या सात सूचनांनी माझे साधारण पाच हजार रुपये वाचले असते. आठव्या सूचनेने एक रात्र वाचली असती.

एक नोंद शिल्लक राहते. भारतात परतल्यावर मी माझ्या जुन्या शाखेत गेलो. त्या बाईचा शोध घेण्याचा प्रयत्न केला. तिचे त्या शाखेत खाते नव्हते. नाव कोणी विचारले नव्हते, मीही नाही. रोखपाल बदलून गेला होता, तो म्हणाला, "साहेब, त्या दिवसांत अशा कितीतरी आल्या." बाजारच्या दिवशी मी दोन वेळा शाखेसमोरच्या चहाच्या गाड्यावर बसून राहिलो. ती दिसली नाही. दिसली असती तरी ओळखता आली असती की नाही, सांगता येत नाही. मी मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलेच नव्हते.

क्षमावाणीच्या दिवशी आपण ज्ञात-अज्ञात सर्वांची क्षमा मागतो. पूर्वी हा शब्द मी सवयीने उच्चारीत असे. आता त्यातील 'अज्ञात' या शब्दाशी मी थांबतो, आणि पाचशेच्या अकरा नोटा पदरात बांधून पायऱ्या उतरणारी एक पाठमोरी बाई आठवते. बँकेच्या भाषेत ते थकीत खाते आहे, आणि ते मला निर्लेखित करावयाचे नाही.